साठ सेकंदांचा संयम

आमच्या घरात ‘रॉकेट’ हा शब्द जवळजवळ पन्नास वर्षे कोणी मोकळेपणाने उच्चारला नव्हता. दिवाळीत फटाके न उडवण्याचा नियम तर होताच. ज्या पहाटे भगवान महावीरांचा निर्वाणमहोत्सव साजरा करायचा, त्याच दिवशी दारूच्या आगीने असंख्य लहान जीवांना होरपळवायचे, हे आमच्या आजीला कधी पटले नाही, आणि तिच्यामुळे आम्हालाही नाही. परंतु रॉकेटविषयीच्या मौनाचे कारण निराळे होते. माझ्या थोरल्या भावाच्या डाव्या हाताकडे पाहिले की ते कोणालाही कळावे.

निवृत्तीनंतर एका छंदाशी माझा परिचय झाला. उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्या मुलांना आणि नातवंडांना तो दाखवावा, असे मला मनापासून वाटते. त्याविषयी लिहावयाचे तर सुरुवात मात्र दादाच्या हातापासूनच करावी लागेल.

१९६९ चा पावसाळा

जुलै १९६९. मी दहा वर्षांचा होतो आणि दादा तेरा वर्षांचा. बुलढाण्यात तेव्हा दूरदर्शन नव्हते. नील आर्मस्ट्राँग आणि बझ ऑल्ड्रिन चंद्रावर उतरल्याची बातमी आम्ही शेजाऱ्यांच्या रेडिओवर ऐकली आणि मग वर्तमानपत्रातल्या अस्पष्ट छायाचित्रात पाहिली. दादाने ते छायाचित्र कापून आपल्या विज्ञानाच्या वहीत चिकटवले. गणित आणि विज्ञान या दोन्ही विषयांत तो वर्गात पहिला असे. वहीच्या मागच्या पानांवर तो काय काय आकृत्या काढी, ते मला कळत नसे. पण त्या पाहताना अभिमान वाटे.

पुढच्याच आठवड्यात त्याने कोणालाही न सांगता, परसात, एक धातूची नळी आणि काडेपेट्यांतील गुल यांपासून आपले पहिले रॉकेट तयार केले. वात पेटवून आम्ही दोघे बंबाच्या आडोशाला बसलो. काहीच घडले नाही. दादा जेमतेम पाच-सात सेकंद थांबला असेल. ‘विझली वाटतं’ असे म्हणून तो उठला, जवळ गेला आणि त्याने हात पुढे केला.

डोळे वाचले, हे आमचे नशीब. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट मात्र गेले.

बाबांनी त्याला मारले नाही, रागावलेही नाहीत. त्यांनी ती वही माळ्यावर ठेवली आणि त्या विषयावर घरात बोलणे बंद झाले. मॅट्रिकनंतर अकोल्यास जाऊन विज्ञान शाखेत शिकण्याची दादाची इच्छा होती. बाबांनी त्याला कापडाच्या दुकानात बसवले. त्या निर्णयामागे राग नव्हता, भीती होती, हे मला स्वतः बाप झाल्यावर समजले. दादाने दुकान उत्तम चालवले. माझ्या एम.कॉम.चा खर्च त्याच दुकानातून निघाला. त्याने कधी तक्रार केली नाही, आणि म्हणूनच माझ्या मनावरचे ओझे कधी हलके झाले नाही. कारण त्या काडेपेट्या दुकानातून आणून देणारा मी होतो.

ग्रीनबेल्टचा रविवार

मे २०१९ मध्ये मी बँकेच्या सेवेतून निवृत्त झालो आणि त्याच उन्हाळ्यात आम्ही उभयता अमेरिकेत मुलीकडे गेलो. तिचे घर मेरीलँड राज्यात, वॉशिंग्टनपासून जवळ. नात अकरा वर्षांची. पहिल्याच आठवड्यात तिने मला आपल्या खोलीत नेले आणि टेबलावर ठेवलेली एक वस्तू दाखवली. हातभर लांबीची कागदी नळी, टोकाला प्लॅस्टिकचे निमुळते नाक, बुडाशी पातळ लाकडाची तीन पाती.

“आजोबा, रविवारी आपण हे उडवायला जायचं. तुम्ही येणार ना?”

मी लगेच हो म्हणालो नाही. पाहुणा म्हणून आलेल्या आजोबाने नातीचा हिरमोड करू नये, म्हणून गेलो, हेच खरे.

ग्रीनबेल्ट या गावी नासाचे गोडार्ड अंतराळ उड्डाण केंद्र आहे. १ मे १९५९ रोजी ते स्थापन झाले, म्हणजे ते माझ्याच वयाचे. ज्यांचे नाव त्याला दिले आहे, त्या रॉबर्ट गोडार्ड यांनी १६ मार्च १९२६ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील ऑबर्न येथे द्रवरूप इंधनावर चालणारे जगातील पहिले रॉकेट उडवले. ते उड्डाण अवघ्या अडीच सेकंदांचे होते. रॉकेट ४१ फूट उंच गेले आणि कोबीच्या शेतात पडले. आपल्याकडच्या तीन-चार मजली इमारतीहून ती उंची अधिक नव्हे. पण त्यानंतर त्रेचाळीस वर्षांनी माणूस चंद्रावर गेला.

या केंद्राच्या अभ्यागत कक्षाबाहेर एक हिरवळ आहे आणि शेजारी जुन्या खऱ्या रॉकेटांचे उभे प्रदर्शन आहे. २०१९ मध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी एक वाजता तिथे हौशी मंडळी आपापली छोटी रॉकेटे उडवत. ‘नारहॅम्स’ नावाच्या तिथल्या हौशी रॉकेट मंडळाचे सभासद स्वयंसेवक म्हणून ही व्यवस्था पाहत. त्या रविवारी ऊन रणरणत होते आणि हवा दमट होती. तरी आईवडील, आजीआजोबा, शाळकरी मुले आणि माझ्या वयाचे काही गृहस्थ आपापली रॉकेटे छातीशी धरून रांगेत उभे होते. अपोलो-११ च्या चांद्रविजयाचे ते पन्नासावे वर्ष होते, त्यामुळे उत्साह काही और होता. माझ्या मनातही १९६९ होते, पण ते निराळ्या कारणाने.

नियमांतून जन्मलेला छंद

रांगेच्या टोकाशी एक टेबल होते आणि तिथे सुरक्षेची जबाबदारी असलेले वयस्कर गृहस्थ बसले होते. प्रत्येक रॉकेट त्यांच्या हातातून गेल्यावाचून मैदानात जात नसे. ते पाती हलवून पाहत, नाक ओढून पाहत, आतली छत्री नीट घडी केली आहे की नाही हे विचारत. एका मुलाचे पाते किंचित सैल निघाले. त्यांनी रॉकेट हसत परत केले, डिंक दिला आणि वाळेपर्यंत थांबायला सांगितले. तो मुलगा हिरमुसला नाही, वाद घालत बसला नाही. एकही व्हाउचर तपासल्याशिवाय पुढे न सरकवण्यात ज्याची हयात गेली, अशा माझ्यासारख्या माणसाला ते टेबल पाहून घरच्यासारखे वाटले.

घरी परतल्यावर मी या छंदाचा इतिहास वाचून काढला आणि त्या टेबलाचा अर्थ लागला.

नेब्रास्का राज्यातील नॉरफोक गावी ऑरव्हिल कार्लाइल यांचे पादत्राणांचे दुकान होते. शोभेच्या दारूकामाचा त्यांना छंद होता. त्यांचे बंधू रॉबर्ट यांना छोट्या विमानांचा शौक होता. रॉबर्ट यांना रॉकेटच्या तत्त्वावर बोलताना प्रात्यक्षिक दाखवायचे होते. त्यासाठी १९५४ साली ऑरव्हिल यांनी कागदाची नळी आणि हलके लाकूड वापरून, परतताना छत्री उघडून अलगद उतरणारे छोटे रॉकेट बनवले. नाव ठेवले ‘रॉक-अ-शूट’.

त्याच सुमारास न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्स या लष्करी चाचणीक्षेत्रावर जी. हॅरी स्टाइन नावाचे अभियंते काम करीत. ते मासिकांतून रॉकेटविषयी लिहीत, म्हणून त्यांना देशभरातील मुलांची पत्रे येत. घरच्या घरी रॉकेट करताना भाजलेल्या, बोटे गमावलेल्या, क्वचित प्राणालाही मुकलेल्या मुलांच्या कहाण्या त्यांना ठाऊक होत्या. १९५७ च्या आरंभी त्यांचा एक लेख वाचून कार्लाइल यांनी आपली रॉकेटे त्यांच्याकडे पाठवली. स्टाइन यांना त्यात उत्तर सापडले. मुलांना रॉकेट करण्यापासून परावृत्त करायचे नाही. मात्र दारूचा भाग त्यांच्या हाती द्यायचाच नाही. ती मोटार कारखान्यात बनलेली आणि तपासलेली असावी. बाकीचे सारे, म्हणजे आकार, पाती, छत्री, उंचीचे गणित, मुलाने आपल्या बुद्धीने करावे. त्याच १९५७ साली या हौशी लोकांची ‘नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री’ ही संस्था स्थापन झाली आणि सुरक्षेचे नियम हाच या छंदाचा पाया ठरला. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी रशियाने स्पुटनिक सोडला आणि लाखो मुलांचे डोळे आकाशाकडे लागले. १९५९ मध्ये डेन्व्हरच्या व्हर्नन एस्टेस यांनी अशा मोटारी बनवणारे स्वयंचलित यंत्र उभारले. त्या यंत्राचे लाडके नाव ‘मेबल’.

१९५७ हे साल वाचून मी काही वेळ तसाच बसून राहिलो. दादाच्या अपघाताच्या बारा वर्षे आधी हे उत्तर जगात होते. परंतु ते आमच्या परसापर्यंत पोहोचले नव्हते.

अंगठ्याएवढी मोटार आणि दामदुप्पट

या छोट्या रॉकेटची मोटार अंगठ्याहून थोडी मोठी, जाड कागदाची असते. खालच्या टोकाला मातीचे छिद्र, त्यावर दाबून बसवलेली दारू. ती जळली की वायू वेगाने खाली निसटतात आणि रॉकेट वर झेपावते. न्यूटनचा तिसरा नियम तो हाच. मग एक मंद जळणारा थर काही सेकंद केवळ धूर सोडतो. तोवर रॉकेट आपल्याच वेगाने वर चढत राहते. शेवटी वरच्या टोकाचा छोटा भार नाक ढकलून देतो आणि छत्री उघडते.

मोटारींना ए, बी, सी अशी अक्षरे असतात आणि प्रत्येक पुढच्या अक्षराची शक्तीची मर्यादा मागच्याच्या दुप्पट असते. ए म्हणजे अडीच न्यूटन-सेकंदांपर्यंत, बी पाचपर्यंत, सी दहापर्यंत. नातीला मी म्हटले, “ही तर आमची दामदुप्पट!” तिला तो शब्द ठाऊक नव्हता. समजावून सांगितल्यावर तिने पाटीवर हिशोब केला आणि आठव्या अक्षराशी येऊन डोळे विस्फारले. चक्रवाढीचे सामर्थ्य ग्राहकांना समजावण्यात माझी चौतीस वर्षे गेली. इतक्या झटपट ते कोणाला उमगलेले मी पाहिले नव्हते.

नियम साधे आहेत, पण एकही सैल नाही. रॉकेटचे नाक, नळी आणि पाती धातूची असू नयेत. कागद, लाकूड, प्लॅस्टिक यांसारखे हलके साहित्यच वापरावे. मोटार विकतचीच असावी आणि तिच्यात कोणताही फेरफार करू नये. वात नाहीच, दुरून विजेच्या तारेने ती पेटवायची, आणि लहान मोटारींसाठीही किमान पंधरा फूट दूर उभे राहायचे. आकडे मोठ्याने उलटे मोजून सर्वांना सावध करायचे. वारा ताशी सुमारे ३२ किलोमीटरपेक्षा अधिक असेल तर उड्डाण नाही. ढगांत, विमानांच्या वाटेवर किंवा कोणत्याही लक्ष्यावर रॉकेट सोडायचे नाही. विजेच्या तारांत अडकलेले रॉकेट काढायला जायचे नाही.

लक्ष्य नसलेले रॉकेट ही कल्पना मला विशेष भावली. ते कोणावर सोडलेले नसते. ते वर जाते आणि आपल्या हाती सुखरूप परत यावे म्हणूनच जाते. तरीही आत दारू आहे, धूर आहे, हे मनाला टोचत होतेच. ते मी नातीपासून लपवले नाही.

साठ सेकंद

नातीची पाळी आली. रॉकेट पोलादी सळईवर सरकवले, तारा जोडल्या. पेटवणाऱ्या यंत्राला एक सुटी किल्ली होती. ती बसवल्याशिवाय कळ दाबूनही वीज जात नाही. बँकेच्या तिजोरीला दोन अधिकाऱ्यांच्या दोन किल्ल्या लागतात, त्याची मला आठवण झाली. एकट्याच्या उतावीळपणावर विसंबायचे नाही, हाच दोन्हींचा हेतू.

सर्वांनी मिळून मोजले: पाच, चार, तीन, दोन, एक. नातीने कळ दाबली.

काहीच झाले नाही.

माझ्या पायांतले बळच गेले. मला ग्रीनबेल्टची हिरवळ दिसेनाशी झाली आणि बुलढाण्याचे परस दिसू लागले. मी नातीचा दंड घट्ट धरला. परंतु ती जागची हललीही नव्हती. स्वयंसेवकाने किल्ली काढून घेतली, खिशात टाकली आणि शांतपणे म्हणाला की आता आपण साठ सेकंद थांबणार आहोत. उड्डाण फसले तर किल्ली काढायची, एक पूर्ण मिनिट थांबायचे आणि मगच जवळ जायचे, असा नियम आहे. मुले मोठ्याने साठ मोजू लागली. त्यांना तो खेळाचाच एक भाग वाटत होता.

ते मिनिट माझ्या आयुष्यातील सर्वांत दीर्घ मिनिटांपैकी एक होते. दादा पाच-सात सेकंद थांबला होता. आणखी काही क्षण तो थांबला असता तर? त्याला थांबायचे असते, हे सांगणारे कोणीच नव्हते. आम्ही घरात त्याच्या जिज्ञासेला दोष दिला, तिलाच माळ्यावर टाकले. दोष जिज्ञासेचा नव्हता. उणीव होती ती एका नियमाची.

साठ पूर्ण झाले. पेटवण्याची तार निसटली होती. ती पुन्हा बसवली. पुन्हा मोजणी झाली, कळ दाबली, सूं असा आवाज झाला आणि ते कागदी रॉकेट डोळ्यांना पकडता येणार नाही इतक्या वेगाने वर गेले. मग आकाशात एक केशरी ठिपका उमलला. छत्री! नात तिच्याखाली धावत सुटली आणि दोन्ही हातांत रॉकेट झेलून परत आली. पाते एकही मोडले नव्हते.

दादाचा प्रश्न

त्या रात्री, म्हणजे बुलढाण्याच्या सकाळी, मी दादाला फोन केला. पन्नास वर्षांत प्रथमच मी त्याच्याशी रॉकेटविषयी बोललो. काडेपेट्यांविषयीही बोललो. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “अरे, तू नसत्या आणल्या तर मी आणल्या असत्या. ते जाऊ दे. ते खाली कसं येतं, ते सांग.”

मी छत्रीचे सारे वर्णन केले. दादा म्हणाला, “तेव्हा मी फक्त वर कसं जाईल याचाच विचार केला होता.”

मग मी त्याला ग्रीनबेल्टची आणखी एक गोष्ट सांगितली. १९६३ मध्ये केरळातील थुंबा येथून भारताचे पहिले रॉकेट उडवण्यापूर्वी आपल्या काही तरुण अभियंत्यांना प्रशिक्षणासाठी नासाकडे पाठवले होते. त्यांत ए. पी. जे. अब्दुल कलाम होते, आणि लँगली, गोडार्ड व वॉलप्स या तिन्ही केंद्रांत ते राहिले. म्हणजे नात जिथे धावली, त्या परिसरात कधीकाळी कलामही वावरले होते. वॉलप्सच्या स्वागतकक्षात टिपू सुलतानाच्या सैन्याने इंग्रजांवर सोडलेल्या रॉकेटांचे चित्र पाहून आपल्याला अभिमान वाटल्याचे त्यांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे. ही सारी उभारणी करणारे डॉ. विक्रम साराभाई अहमदाबादच्या जैन कुटुंबात १२ ऑगस्ट १९१९ रोजी जन्मले. मी ग्रीनबेल्टला गेलो ते त्यांचे जन्मशताब्दी वर्ष होते. २१ नोव्हेंबर १९६३ च्या संध्याकाळी थुंब्याहून नायके-अपाचे रॉकेट सुमारे २०० किलोमीटर उंच गेले आणि सोडियमच्या वाफेचा रंगीत ढग आकाशात पसरला. कार्यालय होते एका चर्चच्या इमारतीत, आणि रॉकेटचे भाग सायकलवरून नेल्याची छायाचित्रे आजही पाहायला मिळतात.

“सायकलवरून?” दादा हसला. “मग आपलं फार काही चुकलं नव्हतं.”

बुलढाण्याची सकाळ

२३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले. दादाचा नातू तेव्हा बारा वर्षांचा, दादा त्या वेळी होता जवळपास त्याच वयाचा. त्याने घरात तोच शब्द उच्चारला: रॉकेट. सुनेने दादाकडे पाहिले, दादाने माझ्याकडे.

दारूची मोटार आम्हाला नकोच होती. शिवाय आपल्या देशात दारूकाम १८८४ च्या स्फोटक कायद्याखाली आणि २००८ च्या नियमांखाली येते. अशा मोटारी सहज विकत घेऊन कोणीही मैदानात उडवाव्यात अशी सोय नाही, आणि घरी बनवणे तर अपराधही आहे आणि आत्मघातही. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी ‘इन-स्पेस’ या शासकीय संस्थेने २०२५ मध्ये उत्तर प्रदेशात कुशीनगर जिल्ह्यात मोठी स्पर्धा भरवली. पण ती तज्ज्ञांच्या देखरेखीखाली. लहान मुलांसाठी अधिक चांगला मार्ग आहे तो पाण्याच्या रॉकेटचा. त्यात आग नाही, धूर नाही, दारू नाही.

शीतपेयाची दोन लिटरची रिकामी प्लॅस्टिक बाटली घ्यायची. ती उलटी उभी राहते, म्हणून तळाकडे पुठ्ठ्याचे नाक आणि तोंडाकडे तीन पाती बसवायची. एक तृतीयांश भाग पाण्याने भरायचा. तोंडाला घट्ट रबरी बूच, आणि बुचातून सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह काढलेला. तिला धरून ठेवणारी आणि लांब दोरी ओढल्यावर सोडणारी पकड कोणताही कुशल सुतार करून देईल. सायकलच्या पंपाने हवा भरली की ती पाण्यावर दाब देते. दोरी ओढताच पाणी खाली फेकले जाते आणि बाटली वर उसळते. नुसत्या हवेपेक्षा पाण्याने ती उंच का जाते, हा प्रश्न मुलांना अवश्य विचारावा. पाणी हवेहून कितीतरी जड असल्याने खाली जाताना बाटलीला वर जाण्याचा जोरही अधिक देते, हे त्यांना एक-दोनदा करून पाहिल्यावर आपोआप कळते.

मे २०२४ मध्ये एका रविवारी सकाळी साडेसहाला, ऊन चढण्यापूर्वी, परिचितांच्या हरभरा निघालेल्या रिकाम्या शेतात आम्ही बारा मुले जमवली. मे महिन्यात बुलढाण्यात पाण्याचा थेंबही जपावा लागतो. येळगावच्या धरणाकडे साऱ्या शहराचे डोळे लागलेले असतात. म्हणून मी हिशोब मांडला: बाटलीमागे सुमारे ६५० मिलिलिटर, प्रत्येकास दोन उड्डाणे, एकूण सोळा लिटरच्या आत. तेवढे पाणी वहिनींनी घरून भरून दिले, आणि तेही गाळून. “खेळातलं असलं तरी पाणी गाळूनच घ्यायचं,” एवढेच त्या म्हणाल्या. बांधावरच्या नव्या रोपांजवळ आम्ही पकड रोवली, म्हणजे खाली पडणारे पाणी त्यांना मिळावे. झाडावर घरटी नाहीत ना, हे मुलांनी आधी फिरून पाहिले.

दादा खुर्ची टाकून दूर बसला होता. पहिल्या सहा बाटल्या झकास उडाल्या. सातवीची दोरी ओढली, पण पकड सुटेना. हवेने टिच्च भरलेली बाटली तशीच उभी राहिली. एक मुलगा ती हलवायला पुढे धावला.

“थांब!”

दादाचा तो आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. तो खुर्चीवरून उठून उभा राहिला होता. “कोणी जवळ जायचं नाही. साठ मोजा. मोठ्यानं.”

मुले मोजू लागली. दादाही मोजत होता. साठ झाल्यावर त्याने मुलाच्या हातातली दोरी घेतली, तीन बोटांच्या त्या डाव्या हातात गुंडाळली, आणि तिरक्या दिशेने एक झटका दिला. पकड सुटली. बाटली पाण्याचा फवारा सोडीत सरळ वर गेली, क्षणभर उन्हात चमकली आणि प्लॅस्टिकच्या पिशवीची छत्री उघडून डुलत डुलत खाली आली.

नंतर चहा घेताना दादाने एक कागद मागितला आणि त्यावर नियम लिहून काढले. फक्त शीतपेयाचीच बाटली, काचेची किंवा धातूची कधीही नाही. चिरलेली, वाकलेली बाटली बाद. दाबमापक असलेला पंप आणि दाब चार वातावरणांच्या आत. हवा भरताना बाटलीवर कोणी वाकायचे नाही. दोरी किमान दहा मीटर लांब. मोठे माणूस सोबत असल्याशिवाय खेळ नाही. उड्डाण फसले तर साठ मोजायचे. अक्षर तेच होते, माळ्यावरच्या वहीतले.

आपल्या जिल्ह्यात लोणारचे विवर आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर आकाशातून आलेल्या पाषाणाच्या आघाताने काळ्या बेसॉल्ट खडकात तयार झाले आणि चंद्राचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांनाही ते मोलाचे वाटते. त्याच्या काठावर वाढणाऱ्या मुलांना आकाशाचे कुतूहल वाटणे स्वाभाविकच आहे. ते कुतूहल धोकादायक वाटले तर आपण पालक चटकन ‘नको’ म्हणतो. ‘नको’ म्हणणे सोपे असते; मुलाशेजारी उभे राहून ‘असे कर, आणि इथे थांब’ असे सांगायला वेळ द्यावा लागतो. आपल्या घरी जिला आपण यत्नाचार म्हणतो, ती प्रत्येक कृतीतील सावधता मुलाला उपदेशाने उमजत नाही; स्वतः साठ मोजल्याने उमजते.

यंदाच्या सुट्टीत एखाद्या सकाळी अवश्य करून पाहावे. एक बाटली, एक सायकल-पंप आणि सोबत घरातील एखादे वडीलधारे माणूस एवढे पुरेसे आहे. आमच्याकडे दर मे महिन्यात आता हा कार्यक्रम होतो. दोरी दादाच्याच हाती असते.